वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : नेट नसलेल्या संगणकावर मॉड्यूल बसवताना

या अंकातले सगळे प्रश्न एकाच कामाभोवतीचे आहेत. पायथन किंवा पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषांचं एखादं मॉड्यूल (तयार कोडचा संच) नेहमीच्या एका कमांडने बसत नाही, म्हणून ते हाताने बसवायचं आहे. काय टाइप करायचं ते खाली देवनागरीत छापलं आहे, संगणकावर ते इंग्रजी लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायचं. कॅपिटल अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे. ‘पीवाय’ म्हणजे पी आणि वाय ही दोन अक्षरं. ‘-एम’ म्हणजे आडवी रेघ आणि तिला चिकटून एम. ‘--’ म्हणजे दोन आडव्या रेघा, मध्ये जागा न सोडता.

प्रश्न : आमच्या शाळेच्या लॅबमध्ये २० संगणक आहेत, सगळे विंडोज ७ चे, ३२ बिट. नेट नाही. सीबीएसई बारावीच्या इन्फर्मेटिक्स प्रॅक्टिसेससाठी पँडाज आणि मॅटप्लॉटलिब हवं आहे. घरून पेन ड्राइव्हवर पँडाजची फाइल नेली, तर नमपाय नाही म्हणून अडलं. दुसऱ्या दिवशी नमपाय नेलं, तर ते तिसरंच काही मागायला लागलं. एकदाच काय काय न्यावं लागेल? — शिक्षिका, जि. सातारा

आधी पायथनची आवृत्ती पक्की करा, कारण बाकी सगळं तिच्यावर ठरतं. पायथन ३.९ पासून पुढची कोणतीही आवृत्ती विंडोज ७ वर चालत नाही. तुमच्यासाठी ३.८ ही शेवटची, आणि तिच्यातही तयार इन्स्टॉलर असलेली शेवटची आवृत्ती ३.८.१०. तिला विंडोज ७ चा सर्व्हिस पॅक १ आणि केबी२५३३६२३ हा अपडेट लागतो. तो नसेल तर इन्स्टॉलर सुरुवातीलाच थांबतो, म्हणून लॅबमधल्या एका संगणकावर हे आधी तपासून घ्या.

३.८ ठरलं की मॉड्यूलच्या आवृत्त्याही ठरल्याच. ३.८ वर चालणारं शेवटचं पँडाज २.०.३ आहे, नमपाय १.२४.४ आणि मॅटप्लॉटलिब ३.७.५. बारावीच्या अभ्यासक्रमाला एवढं भरपूर झालं.

आता नेट असलेल्या घरच्या संगणकावर काय करायचं ते. तो ६४ बिटचा आणि विंडोज १० किंवा ११ चा असला तरी त्यावर लॅबमधलंच पायथन टाका, म्हणजे ३.८.१० चा ३२ बिटचा इन्स्टॉलर (डाउनलोडच्या पानावर त्याला एक्स८६ म्हटलेलं असतं). विंडोजवर दोन-तीन पायथन शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे आधीचं काढायची गरज नाही. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाइप करा :

पीवाय -३.८-३२ -एम पिप डाउनलोड --ओन्ली-बायनरी=:ऑल: -डी डी:\लॅब\व्हील्स पँडाज मॅटप्लॉटलिब

पिप म्हणजे पायथनबरोबर येणारा, मॉड्यूल बसवणारा प्रोग्रॅम. त्याची ‘डाउनलोड’ ही कमांड काहीही बसवत नाही, फक्त फाइली गोळा करते. तुम्ही दोन नावं दिली तरी फोल्डरमध्ये १६ फाइली येतील. पँडाजच्या मागे नमपाय, पायथन-डेटयुटिल, पायटीझेड, टीझेडडेटा आणि डेटयुटिलला लागणारं सिक्स येतं. मॅटप्लॉटलिबच्या मागे कॉन्टूरपाय, सायकलर, फॉन्टटूल्स, किवीसॉल्व्हर, पॅकेजिंग, पिलो, पायपार्सिंग, इम्पोर्टलिब-रिसोर्सेस आणि शेवटी दोन पी असलेलं झिप येतं. रोज एक फाइल नेऊन तुम्ही ज्या साखळीत अडकला होतात, ती हीच.

नव्या पायथनच्या पिपला ‘--प्लॅटफॉर्म विन३२ --पायथन-व्हर्जन ३.८’ असं सांगूनही दुसऱ्या संगणकासाठी फाइली उतरवता येतात, मग वेगळं पायथन कशाला, असं वाटेल. ही पळवाट आम्ही सुचवत नाही. त्या पद्धतीत पिप फाइली ३.८ च्या निवडतो खरा, पण ‘३.१० च्या आधीचं पायथन असेल तरच हे लागेल’ अशा अटी तो स्वतः ज्या पायथनवर चालतोय त्याच्याशी ताडून बघतो. मॅटप्लॉटलिबला इम्पोर्टलिब-रिसोर्सेस नेमकं याच अटीवर लागतं. घरी ३.१२ असेल तर पिप ते वगळतो, तुम्ही १४ फाइली घेऊन लॅबमध्ये पोचता आणि चूक तिथे कळते. लिनक्सवरून विंडोजसाठी फाइली उतरवतानाही असंच होतं. क्लिक आणि टीक्यूडीएम या मॉड्यूलना विंडोजवर कलरामा लागतं, लिनक्सवर नाही, त्यामुळे ते मागे राहतं. जुळं पायथन टाकायला पाच मिनिटं लागतात, पण पुढचा सगळा मनस्ताप वाचतो.

लॅबमध्ये आणखी एक गोष्ट जपा. पायथनचा इन्स्टॉलर नेहमीच्या बटणाने चालवला तर पायथन फक्त लॉगिन केलेल्या खात्यापुरतं बसतं. विद्यार्थी वेगळ्या खात्याने बसत असतील तर त्यांना ते दिसणारच नाही. म्हणून ‘कस्टमाइज’ निवडून सगळ्या वापरकर्त्यांसाठीच्या पर्यायावर खूण करा. त्यानंतर मॉड्यूल बसवताना कमांड प्रॉम्प्टही उजवी क्लिक करून अॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच उघडा. तसं केलं नाही तर पिप ‘डिफॉल्टिंग टू यूजर इन्स्टॉलेशन’ अशी एक ओळ दाखवतो, काम पूर्ण करतो आणि सगळी मॉड्यूल तुमच्या खात्याच्या अॅपडेटा फोल्डरमध्ये टाकतो. तुमच्याकडे सगळं चालतं, मुलांकडे ‘मॉड्यूल नॉट फाउंड’. ही ओळ लाल रंगात येत नाही, म्हणून नजरेतून सुटते.

२० संगणकांवर हेच २० वेळा टाइप करण्यापेक्षा पेन ड्राइव्हवर ‘व्हील्स’ फोल्डर, पायथनचा इन्स्टॉलर आणि एक बॅच फाइल (ओळीने चालवायच्या कमांडची .बीएटी फाइल) ठेवा. तिच्यात दोन ओळी पुरतात :

"%~डीपी०पायथन-३.८.१०.ईएक्सई" /क्वाएट इन्स्टॉलऑलयूजर्स=१ प्रीपेंडपाथ=१

पीवाय -३.८-३२ -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स="%~डीपी०व्हील्स" पँडाज मॅटप्लॉटलिब

पहिल्या ओळीतल्या ‘इन्स्टॉलऑलयूजर्स’ आणि ‘प्रीपेंडपाथ’ यांतल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल हवं. ‘%~डीपी०’ म्हणजे ‘ही बॅच फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो’. पेन ड्राइव्ह एका संगणकावर ई तर दुसऱ्यावर एफ होतो, तेव्हा हेच कामी येतं. शिवाय अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेली बॅच फाइल सिस्टम३२ फोल्डरमधून सुरू होते, तिथून नुसतं ‘व्हील्स’ हे नाव सापडत नाही. ‘--नो-इंडेक्स’मुळे पिप नेटकडे बघतच नाही. ते लिहिलं नाही तर तो आधी नेटवर शोधतो, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि प्रत्येक संगणकावर काही मिनिटं उगाच जातात.

शेवटी पायथन उघडून ‘इम्पोर्ट पँडाज’ आणि ‘इम्पोर्ट मॅटप्लॉटलिब.पायप्लॉट’ हे दोन्ही करून बघा. दुसऱ्यावर ‘डीएलएल लोड फेल्ड’ आलं तर मॉड्यूल पुन्हा पुन्हा टाकू नका, मॉड्यूलमध्ये दोष नसतो. संगणकावर व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल हे मायक्रोसॉफ्टचं पूरक सॉफ्टवेअर नसतं. त्याचा विंडोज ७ ला चालणारा एक्स८६ इन्स्टॉलरही पेन ड्राइव्हवर असू द्या. आणि लॅबमध्ये रीस्टार्ट केल्यावर डिस्क पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर असेल तर ते आधी बंद करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळं गायब झालेलं दिसेल.

प्रश्न : एका संगणकावर सगळी मॉड्यूल नीट चालतात. तिथलं साइट-पॅकेजेस (मॉड्यूल बसतात ते) फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर पेस्ट केलं तर चालेल का? — डिप्लोमाचा विद्यार्थी, नांदेड

दोन्हीकडे पायथनची आवृत्ती आणि बिट तंतोतंत सारखे असतील तर बहुतेक मॉड्यूल चालतात, तरीही हे करू नका. ३.११ ची कंपाइल केलेली .पीवायडी फाइल सहसा ३.१२ ला ओळखता येत नाही, त्यामुळे आवृत्ती जरा वेगळी असली की नमपायसारखी मॉड्यूल लगेच कोसळतात. दुसरं म्हणजे स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या छोट्या .ईएक्सई फाइलींमध्ये जुन्या पायथनचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं (एका कामापुरत्या वेगळ्या पायथनचं) फोल्डर उचलून नेलं तर तेही याच कारणाने मोडतं. त्यातल्या पायव्हीईएनव्ही.सीएफजी या फाइलीत मूळ पायथनचा पत्ता असतो, नोटपॅडमध्ये उघडून बघा.

फाइली हाताने आणा, पण बसवायचं काम पिपलाच करू द्या. तुमच्याकडे चालणाऱ्या संगणकावर ‘पीवाय -एम पिप फ्रीझ’ करून मॉड्यूलांची यादी एका फाइलीत घ्या (शेवटी ‘> यादी.टीएक्सटी’ जोडायचं), ‘पीवाय -एम पिप डाउनलोड -आर यादी.टीएक्सटी’ने फाइली गोळा करा आणि वर सांगितल्याप्रमाणे ‘--नो-इंडेक्स’ने बसवा. यादीच्या फाइलीचं नाव इंग्रजीतच ठेवा.

प्रश्न : पायपीआयवरून (पायथन मॉड्यूलांचं अधिकृत भांडार) माझ्या विंडोज ११ साठी .डब्ल्यूएचएल फाइल घेतली. पिप म्हणतो, ‘इज नॉट अ सपोर्टेड व्हील ऑन धिस प्लॅटफॉर्म’. नाव बदलून ३१२ चं ३१३ केलं तर बसली, पण इम्पोर्ट होत नाही. — वाचक, पुणे

नाव पूर्ववत करा, आणि आता जे बसलं आहे ते ‘पिप अनइन्स्टॉल’ने काढून टाका. व्हील, म्हणजे .डब्ल्यूएचएल फाइल, ही खरं तर झिप फाइल असते, तिच्या नावात ती कुठे चालेल हे लिहिलेलं असतं आणि पिप ते नाव वाचून निर्णय घेतो. नाव खोटं केलं म्हणजे आतला माल बदलत नाही.

एक नाव सुटं करून बघू :

नमपाय-१.२४.४-सीपी३८-सीपी३८-विन३२.डब्ल्यूएचएल

पहिला भाग मॉड्यूलचं नाव, दुसरा त्याची आवृत्ती. तिसरा भाग ‘सीपी३८’ म्हणजे सीपायथन ३.८, आपण सगळे वापरतो ते नेहमीचं पायथन. चौथा भाग कंपाइल केलेल्या कोडची जोडणी कोणत्या पायथनशी आहे ते सांगतो. शेवटचा ‘विन३२’ म्हणजे ३२ बिट पायथन, ‘विन_एएमडी६४’ म्हणजे ६४ बिट. एएमडी पाहून घाबरू नका, प्रोसेसर इंटेलचा असला तरी हीच फाइल लागते. ‘विन_एआरएम६४’ मात्र वेगळी, ती एआरएम प्रोसेसरच्या लॅपटॉपवर बसवलेल्या एआरएमच्या पायथनसाठी.

चौथ्या भागातल्या दोन गोष्टी बारकाईने बघा. तिथे ‘एबीआय३’ असेल तर ती फाइल नावात दिलेल्या आवृत्तीपासून पुढच्या सगळ्या पायथनला चालते. ‘सीपी३९-एबीआय३’ ३.१३ वर बसतं, नाव जुनं दिसलं तरी. उलट ‘सीपी३१३टी’ असं शेवटी टी असेल तर ती ३.१३ च्या वेगळ्या, फ्री-थ्रेडेड प्रकाराची आहे आणि नेहमीच्या ३.१३ वर बसणार नाही. यादीत या दोन्ही फाइली एकाखाली एक असतात, घाईत चुकीची उतरवली जाते. ‘पीवाय३-नन-एनी’ असेल तर बिट आणि प्रोसेसर बघू नका, ते शुद्ध पायथन आहे. मॉड्यूलला किमान कोणतं पायथन लागतं तेवढंच बघा.

स्वतःकडचं पायथन ३२ बिटचं की ६४ चं हे बघताना बरेच जण फसतात. पायथन सुरू केल्यावर पहिल्या ओळीच्या शेवटी ‘ऑन विन३२’ असं येतं, आणि ते ६४ बिटच्या पायथनमध्येही येतंच. त्याच्याकडे दुर्लक्ष करा. त्याआधी चौकटी कंसात ‘३२ बिट (इंटेल)’ किंवा ‘६४ बिट (एएमडी६४)’ लिहिलेलं असतं, ते खरं. तुमच्या पिपला काय काय चालतं याची पूर्ण यादी ‘पीवाय -एम पिप डीबग --व्हर्बोज’ने मिळते.

नाव बरोबर असूनही ‘इनव्हॅलिड व्हील फाइलनेम’ आलं तर फाइल दोनदा उतरवली गेली आहे का ते बघा. ब्राउझरने नावाच्या शेवटी (१) जोडलेला असतो. तो काढणं हा एकच नावबदल आम्हाला मान्य आहे.

प्रश्न : पिप म्हणतो ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ आणि प्रोग्रॅम म्हणतो ‘नो मॉड्यूल नेम्ड’. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय? — वाचक, डोंबिवली

कोणीच नाही. संगणकावर एकाहून जास्त पायथन आहेत, पिपने एकात टाकलं आणि प्रोग्रॅम दुसऱ्यात चालतोय. ‘पीवाय -०पी’ (शून्य आणि पी) टाइप करा, कोणतं पायथन कुठे आहे त्याची यादी पत्त्यांसह येईल. मग प्रोग्रॅमच्या अगदी वरती दोन ओळी लिहा, ‘इम्पोर्ट सिस’ आणि ‘प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)’. प्रोग्रॅम ज्या पायथनवर चालतोय त्याचा पत्ता छापला जाईल. मॉड्यूल त्याच पायथनमध्ये टाका. नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ म्हणण्याची सवय सोडून ‘पीवाय -३.१२ -एम पिप इन्स्टॉल’ असं म्हटलं तर हा घोळ होतच नाही, कारण कोणत्या पायथनचा पिप हे तुम्हीच सांगता. व्हीएस कोड वापरत असाल तर खालच्या पट्टीत उजवीकडे पायथनची आवृत्ती दिसते, तिच्यावर क्लिक करून योग्य ती निवडा.

पायथन टाकलेलं असूनही ‘पायथन’ टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल, तर सेटिंग्जमध्ये ‘अॅप एक्झिक्यूशन एलिअसेस’ शोधा आणि तिथले पायथनचे दोन्ही खटके बंद करा.

एवढं करूनही प्रश्न सुटला नाही तर दोन शक्यता उरतात. बसवायचं नाव आणि इम्पोर्टचं नाव वेगळं असू शकतं. ओपनसीव्ही-पायथन बसवायचं पण इम्पोर्ट सीव्ही२ करायचं. पिलोचं पीआयएल (तिन्ही कॅपिटल), सायकिट-लर्नचं एसकेलर्न, ब्यूटिफुलसूप४ चं बीएस४, पायवायएएमएलचं वायएएमएल. दुसरी शक्यता, तुमच्याच फोल्डरमध्ये मॉड्यूलच्या नावाची फाइल आहे. नमपाय शिकताना सरावाच्या फाइलीला नमपाय.पीवाय असं नाव देण्याचा मोह होतो, आणि मग पायथन खऱ्या नमपायऐवजी तुमचीच फाइल उचलतो. एरर मात्र ‘नमपायमध्ये अमुक नाही’ अशी येते, म्हणून संशय मॉड्यूलवर जातो. फाइलीचं नाव बदला.

प्रश्न : एका मॉड्यूलची व्हील फाइलच मिळत नाही, फक्त .टार.जीझेड आहे. बसवताना ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० ऑर ग्रेटर इज रिक्वायर्ड’ येतं. नेट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर तर सेटअपटूल्स सापडत नाही म्हणतो. — वाचक, कोल्हापूर

.टार.जीझेड हा मूळ सोर्स असतो. त्यात सी भाषेतला भाग असेल तर तो तुमच्या संगणकावर कंपाइल व्हावा लागतो, आणि विंडोजबरोबर कंपायलर येत नाही. मायक्रोसॉफ्टचे बिल्ड टूल्स उतरवून त्यातलं ‘डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी++’ निवडलं की काम होतं, पण त्याला काही जीबी जागा लागते. त्याआधी एक सोपा मार्ग बघा. मॉड्यूलच्या पायपीआय पानावर जुन्या आवृत्त्यांच्या फाइली असतात, आणि बहुतेकदा अडचण एवढीच असते की तुमचं पायथन फार नवीन आहे, त्याची व्हील अजून कोणी बनवलेली नाही. एक आवृत्ती मागचं पायथन टाकलं तर तयार व्हील मिळते. आमच्या मते दहापैकी आठ जणांनी बिल्ड टूल्सच्या वाटेला न जाता हेच करावं.

सेटअपटूल्सची (सोर्समधून मॉड्यूल बांधणाऱ्या मॉड्यूलची) तक्रार वेगळी आहे. सोर्समधून बसवताना पिप एक तात्पुरती, कोरी जागा तयार करतो आणि तिथे सेटअपटूल्स नेटवरून आणतो. तुमच्या संगणकावर सेटअपटूल्स आधीपासून असलं तरी त्या कोऱ्या जागेला ते दिसत नाही. नेट नसेल तर आधी सेटअपटूल्स आणि व्हील या दोन मॉड्यूलांच्या .डब्ल्यूएचएल फाइली आणून बसवा, मग ‘पीवाय -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --नो-बिल्ड-आयसोलेशन’ आणि पुढे .टार.जीझेड फाइलीचं नाव. याहून बरं म्हणजे नेट असलेल्या जुळ्या पायथनवर ‘पीवाय -एम पिप व्हील’ ही कमांड चालवून .टार.जीझेडची .डब्ल्यूएचएल बनवून घ्या आणि तीच न्या. तसं केलं तर कंपायलर एकाच संगणकावर लागतो.

जुन्या पुस्तकांत ‘पायथन सेटअप.पीवाय इन्स्टॉल’ असं दिलेलं असतं. ते आता टाळा. पायथन ३.१२ मधून डिस्टयुटिल्स हे बसवण्याचं जुनं मॉड्यूल काढून टाकलं आहे, त्यामुळे जुनी सेटअप फाइल ‘नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयुटिल्स’ म्हणून पहिल्याच ओळीला अडते.

प्रश्न : उबुंटूवर पिप चालवला की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ येतं. एररमध्येच ‘--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ वापरा असं सुचवलं आहे. वापरू का? — वाचक, नागपूर

नको. उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून ही अडवणूक मुद्दाम घातलेली आहे, कारण तिथलं पायथन सिस्टमची स्वतःची कामंही करतं. नावातच ‘ब्रेक’ आहे. आधी ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-नमपाय’ असं करून बघा, नेहमीची बहुतेक मॉड्यूल ‘पायथन३-’ या नावाने एपीटीमध्ये, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या भांडारात, असतात. तिथे नसेल किंवा जुनं असेल तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा : ‘पायथन३ -एम व्हीईएनव्ही काम’, मग ‘काम/बिन/पिप इन्स्टॉल’ आणि मॉड्यूलचं नाव. ‘एन्शुअरपिप इज नॉट अव्हेलेबल’ आलं तर पायथन३-व्हीईएनव्ही हे पॅकेज आधी एपीटीने टाकावं लागेल.

प्रश्न : मॅकवर एक जुनी पर्ल स्क्रिप्ट चालवायची आहे. ‘कान्ट लोकेट टेक्स्ट/सीएसव्ही.पीएम इन @आयएनसी’ येतं. सीपॅनवरून (पर्ल मॉड्यूलांचं भांडार) टेक्स्ट-सीएसव्हीची .टार.जीझेड उतरवली आहे. पुढे काय? — अनुवादक, मडगाव

@आयएनसी ही पर्ल मॉड्यूल शोधतो त्या फोल्डरांची यादी. ‘पर्ल -व्ही’ (व्ही कॅपिटल) केलं की सगळ्यात खाली ती दिसते. आपल्याला मॉड्यूल तुमच्या होम फोल्डरमध्ये बसवून या यादीत एका फोल्डरची भर घालायची आहे. मॅकच्या स्वतःच्या पर्लमध्ये ‘सुडो’ने टाकू नका. मॅकओएसच्या मोठ्या अपडेटमध्ये पर्लची आवृत्ती बदलली की तिथे टाकलेलं सगळं जुन्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये मागे राहतं आणि स्क्रिप्ट पुन्हा याच एररवर येते.

मेक ही कमांड मॅकवर आयती नसते, त्यासाठी एकदा ‘एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल’ करा. मग टर्मिनलमध्ये ‘टार -एक्सझेडएफ’ आणि फाइलीचं नाव देऊन ती उलगडा, ‘सीडी’ने त्या फोल्डरमध्ये जा आणि हे एकामागून एक चालवा :

पर्ल मेकफाइल.पीएल इन्स्टॉल_बेस=$होम/पर्ल५

मेक

मेक टेस्ट

मेक इन्स्टॉल

यात मेकफाइलमधला पहिला एम, पीएल, ‘इन्स्टॉल_बेस’ आणि ‘होम’ हे कॅपिटल. पहिल्या कमांडने ‘वॉर्निंग : प्रीरिक्विझिट ... नॉट फाउंड’ असं म्हटलं तर तिथेच थांबा आणि ते मॉड्यूल आधी याच पद्धतीने बसवा. पर्ल इथे पिपसारखं मागचं मागचं आपोआप आणत नाही. मेक टेस्ट हा टप्पा गाळू नका, सगळ्यात शेवटी ‘रिझल्ट : पास’ दिसलं पाहिजे.

आता पर्लला नवी जागा सांगायची. होम फोल्डरमधल्या .झेडएसएचआरसी या फाइलीत ‘एक्स्पोर्ट पर्ल५लिब=$होम/पर्ल५/लिब/पर्ल५’ ही ओळ घाला. ‘पर्ल५लिब’ आणि ‘होम’ कॅपिटल, बाकी लहान. नवीन टर्मिनल उघडून ‘पर्ल -एमटेक्स्ट::सीएसव्ही -ई १’ चालवा, यात -एममधला एम कॅपिटल, टेक्स्टचा टी कॅपिटल आणि सीएसव्ही पूर्ण कॅपिटल. काहीच न छापता कमांड संपली म्हणजे मॉड्यूल सापडलं.

टेक्स्ट::सीएसव्ही शुद्ध पर्लमध्ये चालतं, त्यामुळे तुम्हाला कंपायलरची अडचण येणार नाही. फाइली हजारो ओळींच्या असतील आणि वेग हवा असेल तर टेक्स्ट::सीएसव्ही_एक्सएस याच पद्धतीने नंतर टाका. त्यात सीचा भाग आहे, पण एक्सकोडच्या टूल्सबरोबर कंपायलर आलेलाच असतो, आणि टेक्स्ट::सीएसव्ही ते सापडलं की आपणहून वापरायला लागतं.

काही मॉड्यूलांत मेकफाइल.पीएलऐवजी बिल्ड.पीएल असतं. तिथे ‘पर्ल बिल्ड.पीएल --इन्स्टॉल_बेस $होम/पर्ल५’, मग ‘./बिल्ड’, ‘./बिल्ड टेस्ट’, ‘./बिल्ड इन्स्टॉल’ (बी कॅपिटल, पण इथे ‘इन्स्टॉल_बेस’ लहान). त्यासाठी मॉड्यूल::बिल्ड आधी लागेल, ते पर्ल ५.२२ पासून पर्लबरोबर येत नाही. आणि फार जुनं मॉड्यूल ‘कान्ट लोकेट आयएनसी/मॉड्यूल/इन्स्टॉल.पीएम’ म्हणून अडलं, तर ती फाइल समोरच्या फोल्डरमध्येच असते. पर्ल ५.२६ पासून, म्हणजे २०१७ पासून, सुरक्षेसाठी चालू फोल्डर @आयएनसीमधून काढला आहे. तेवढ्या एका वेळेपुरतं कमांडच्या आधी ‘पर्ल_यूज_अनसेफ_आयएनसी=१’ (पूर्ण कॅपिटल) लिहा. .झेडएसएचआरसीमध्ये मात्र ते कायमचं टाकू नका.

प्रश्न : फाइल हाताने उतरवताना ती खरी आहे हे कसं ओळखायचं? — वाचक, नाशिक

दोन गोष्टी बघा, नाव आणि हॅश (फाइलीच्या आतल्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा).

नाव अक्षर अक्षर वाचा. डिसेंबर २०१९ मध्ये पायपीआयवरून दोन बनावट मॉड्यूल काढली गेली. एकाचं नाव पायथन३-डेटयुटिल, खऱ्या पायथन-डेटयुटिलला फक्त ३ जोडलेला. दुसरं जेलीफिश, पण त्यातल्या पहिल्या छोट्या एलच्या जागी कॅपिटल आय. पडद्यावर दोन्ही अक्षरं सारखीच उभी रेघ दिसतात. ती मॉड्यूल संगणकावरच्या एसएसएच आणि जीपीजीच्या किल्ल्या चोरत होती. म्हणून मॉड्यूलचं नाव शोधून निवडण्यापेक्षा त्याच्या अधिकृत दस्तऐवजातून कॉपी करा.

हॅशसाठी पायपीआयवर फाइलीच्या तपशिलात एसएचए२५६ दिलेला असतो, ६४ अक्षरांचा. विंडोजवर ‘सर्टयुटिल -हॅशफाइल’, मग फाइलीचं नाव आणि शेवटी ‘एसएचए२५६’ टाइप करा, मॅकवर ‘शासम -ए २५६’ आणि फाइलीचं नाव. दोन्हीकडची अक्षरं जुळली पाहिजेत. पेन ड्राइव्हवरून वीस ठिकाणी फिरणाऱ्या फाइलींची ही तपासणी पेन ड्राइव्हवर कॉपी केल्यानंतर करा. अर्धवट कॉपी झालेली व्हील फाइलही इथेच पकडली जाते, नाहीतर पिप नुसतं ‘बॅड झिप फाइल’ म्हणून थांबतो.